पगार किती ते कळलं, कसा मोजला ते कोण सांगणार?

ठाणे-बेलापूर पट्ट्यातून पगाराबद्दल आलेले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. बहुतेकांची तक्रार पगार कमी मिळतो अशी आहे. पत्रं नीट वाचली की लक्षात येतं, तो खरंच कमी आहे का हे ठरवायला लागणारे आकडेच लिहिणाऱ्यांकडे नाहीत. ते आकडे देणं हे मालकाचं काम आहे आणि कायद्याने सांगितलेलं काम आहे.

चौकट थोडक्यात अशी. वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. वेतन प्रदान (१९३६), किमान वेतन (१९४८), बोनस प्रदान (१९६५) आणि स्त्री-पुरुषांच्या समान वेतनाचा १९७६ चा, असे चार जुने कायदे तिच्यात विलीन झाले. जुन्या कायद्यांखालचे नियम नव्या संहितेशी विसंगत नसतील तिथपर्यंत चालू राहतात. त्यामुळे ‘जुना कायदा गेला’ आणि ‘नवा अजून आला नाही’ ही दोन्ही वाक्यं एकाच ऑफिसात ऐकू आली तरी त्यातलं एकही खरं नाही.

प्रश्न: रबाळे एमआयडीसीत प्लास्टिक मोल्डिंगच्या कंपनीत तीन वर्षं मशीनवर आहे. पगार खात्यात जमा होतो, पण स्लिप कधीच मिळाली नाही. एचआरला विचारलं तर म्हणतात, “खात्यात आला ना? स्लिप स्टाफला असते, कामगारांना नाही.” हे बरोबर आहे का?

उत्तर: साफ चूक आहे. वेतन संहितेच्या कलम ५० प्रमाणे प्रत्येक मालकाने प्रत्येक कर्मचाऱ्याला पगारपत्रक द्यायचं आहे. स्टाफ आणि कामगार असा भेद त्यात नाही. पूर्वी वेतन प्रदान कायद्याला महिना २४,००० रुपयांची मर्यादा होती, त्यावरच्या पगाराला तो कायदा लागत नसे. आता तीही मर्यादा नाही. हेल्परपासून मॅनेजरपर्यंत सगळे त्यात आले.

याच कलमात दुसरं बंधन आहे आणि त्याकडे कुणी बघत नाही. कंपनीत ठळक जागी सूचना फलक हवा. त्यावर संहितेचा गोषवारा, कामगारांच्या वर्गवार पगाराचे दर, वेतनाचा कालावधी, पगाराचा दिवस किंवा तारीख आणि वेळ, शिवाय त्या भागाच्या निरीक्षकाचं नाव-पत्ता एवढं असायला हवं. आमच्या मते स्लिपपेक्षाही हा फलक महत्त्वाचा. स्लिप तुमच्यापुरतं सांगते. अकुशल, अर्धकुशल आणि कुशल यांना कंपनी काय दर देते, आणि तुम्हाला त्यातल्या कुठल्या खान्यात बसवलंय, हे फलकावरून समजतं. तीन वर्षं मशीन चालवणाऱ्याला कागदावर अकुशल दाखवलेलं असणं ही या पट्ट्यातली नेहमीची गोष्ट आहे. बँकेच्या एसएमएसवरून ती कळणार नाही.

स्लिप मिळाली की रकाने असे बघा. नाव, हुद्दा आणि वर्ग, पीएफचा यूएएन (खात्याचा कायम क्रमांक), ईएसआयसीचा (कामगार विम्याचा) क्रमांक, भरलेले दिवस, पगारी रजा, ओव्हरटाइमचे तास. मग मूळ वेतन आणि विशेष भत्ता वेगवेगळे, इतर भत्ते वेगळे, आणि प्रत्येक कपात स्वतंत्र ओळीत. ‘इतर कपात ८५०’ अशी मोघम ओळ दिसली तर ती कशाची, हे लेखी विचारा. महाराष्ट्रात किमान वेतनाचा विशेष भत्ता महागाई निर्देशांकानुसार वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून बदलतो. म्हणून जानेवारीची स्लिप डिसेंबरच्या स्लिपशेजारी ठेवा. आकडा जसाच्या तसा असेल आणि तुम्ही किमान दरावरच असाल, तर फरक राहिलेला आहे. चालू दर कामगार विभागाच्या महाकामगार संकेतस्थळावर उद्योगवार मिळतात. बहुतेक उद्योगांत महापालिका क्षेत्र परिमंडळ १ मध्ये (दर ठरवताना पाडलेल्या भागांपैकी पहिल्यात) येतं, तरी तुमच्या उद्योगाची अधिसूचना एकदा बघून घ्या.

मागायचं कसं? तोंडी मागू नका. अर्ज दोन प्रतींत लिहा: अमुक महिन्यापासूनची पगारपत्रकं कलम ५० प्रमाणे मिळावीत. एका प्रतीवर आवक शिक्का किंवा सही-तारीख घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती व पोच जपा. तरी काही झालं नाही, तर कामगार कार्यालयात तक्रार करा. स्लिप न देण्याच्या पहिल्या कसुरीला निरीक्षक आधी लेखी निर्देश देऊन मुदत देतो, थेट खटला भरत नाही. ऐकून निराशा होते, पण तुमच्या कामाचं तेच आहे, कारण त्या निर्देशामुळेच स्लिपा हातात पडतात. त्यानंतर दंड २०,००० रुपयांपर्यंत होतो. पाच वर्षांत पुन्हा तोच गुन्हा सिद्ध झाला तर एक महिन्यापर्यंत कैद, ४०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. पगारच कमी दिला असेल तर पहिल्याच वेळी दंड ५०,००० पर्यंत जातो.

प्रश्न: घोडबंदर रोडवरच्या सोसायटीत एजन्सीतर्फे सिक्युरिटी गार्ड आहे. बारा तासांची ड्यूटी, आठवड्याला एक सुट्टी. स्लिपवर मूळ वेतन ९,०००, घरभाडे ४,०००, प्रवास २,०००, वॉशिंग ३,०००, एकूण १८,००० दाखवतात. ओटीच्या (ओव्हरटाइमच्या) रकान्यात शून्य असतं. एजन्सी म्हणते, नव्या कायद्याप्रमाणे मूळ वेतन निम्मं केलंय, म्हणजे सगळं कायदेशीर आहे.

उत्तर: एजन्सीने दोन वेगळे हिशोब एकत्र कालवले आहेत.

निम्म्याचा नियम खरा आहे. वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनात धरायची. तुमचे वगळलेले भत्ते ४,००० + २,००० + ३,००० म्हणजे बरोबर ९,०००. एकूण १८,००० च्या नेमके निम्मे. मांडणी कुणीतरी कॅल्क्युलेटर घेऊन केली आहे. पण या नियमाने फक्त वेतन म्हणजे किती रुपये धरायचे ते ठरतं, आणि ते ९,००० ठरलं. आता हे ९,००० तुमच्या वर्गाच्या किमान वेतनाशी, म्हणजे मूळ दर अधिक सरकारने जाहीर केलेला विशेष भत्ता याच्याशी ताडून बघायचे. घरभाडं आणि प्रवासभत्ता जोडून किमान वेतनाची भरती करता येत नाही. निम्म्याची अट पाळूनही किमान वेतन बुडवता येतं. तुमची स्लिप त्याचा नमुना आहे.

दुसरा हिशोब तासांचा. आठवड्याचे ४८ तास म्हणजे सहा दिवस रोज आठ. तुम्ही बारा भरता, म्हणजे रोज चार तास जादा, आणि जादा कामाचा दर नेहमीच्या दुपटीहून कमी असू शकत नाही. हिशोबाला सोपा म्हणून महिन्याचा दर १५,६०० धरू. हा प्रत्यक्ष किमान दर नाही, तो तुम्ही अधिसूचनेतून घ्या. १५,६०० भागिले २६ म्हणजे दिवसाला ६००. ६०० भागिले ८ म्हणजे तासाला ७५. ओव्हरटाइम तासाला १५०. रोज चार तास आणि २६ दिवस म्हणजे १०४ तास, त्याचे १५,६००. म्हणजे बारा तासांच्या ड्यूटीला महिन्याचा पगार दुप्पट, ३१,२०० व्हायला हवा. चार तास दुप्पट दराने म्हणजे आठ तासांचा पगार, इतकं सरळ आहे ते. आणि दर महिन्याला १०४ तास जादा काम घेणं हे मुळात ओव्हरटाइमच्या तिमाही मर्यादेच्याही कितीतरी बाहेर जातं.

म्हणूनच ओटीचा रकाना शून्य ठेवतात. बारा तासांचा पुरावा स्लिपवर येऊच नये. तो तुम्हाला ठेवावा लागेल. गेटवरच्या रजिस्टरमध्ये ड्यूटी घेतल्याची आणि सोडल्याची वेळ स्वतःच्या अक्षरात लिहा आणि त्या पानाचा फोटो रोज काढा. रिलीव्हरने किती वाजता चार्ज घेतला, तेही लिहा. व्हिजिटर रजिस्टरवर तुमच्या अक्षरातल्या सकाळी आठच्या आणि रात्री पावणेआठच्या नोंदी एकाच तारखेला असतील, तर वाद घालायला फारशी जागा उरत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनीही एजन्सीशी केलेला करार एकदा काढून वाचावा. बारा तासांचे दोन गार्ड आणि आठ तासांचे तीन गार्ड यांच्या बिलात जो फरक दिसतो, तो बहुतेक वेळा गार्डच्या खिशातून आलेला असतो.

ठाणे जिल्ह्यात १९८१ च्या कायद्याखाली सुरक्षा रक्षक मंडळही आहे. मंडळाच्या गार्डचा पगार मंडळामार्फत येतो. एजन्सीच्या गार्डला मात्र एजन्सीलाच जाब विचारावा लागतो.

प्रश्न: तीन लेट मार्क झाले की अर्धा दिवस कापतात. नोटीस लावली आहे, म्हणून काही बोलता येत नाही. (कोपरखैरणे)

उत्तर: नोटीस लावल्याने कपात कायदेशीर होत नाही. गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या प्रमाणातच हवी, जास्त नाही. वरचाच दर घ्या. तीनदा दहा-दहा मिनिटं उशीर म्हणजे अर्धा तास, त्याचे ३७ रुपये ५० पैसे. अर्धा दिवस कापला तर ३००. वरचे २६२ रुपये ५० पैसे कशाचे?

‘दंड आहे’ असं उत्तर येईल. मग दंडाचे नियम लागतात. दंड कोणत्या कृत्यांसाठी लावायचा याची यादी मंजूर आणि जाहीर केलेली हवी, दंडाआधी तुम्हाला म्हणणं मांडायची संधी हवी, आणि एका वेतनकाळात एकूण दंड वेतनाच्या ३ टक्क्यांपुढे नको. १५,६०० वर ही मर्यादा ४६८ रुपये होते. दंड हप्त्याने वसूल करता येत नाही आणि ९० दिवस उलटल्यावरही नाही. जमा झालेला दंड मालकाच्या गल्ल्यात जात नाही, तो कामगारांच्याच भल्यासाठी वापरायचा असतो. दंडाची नोंदवही दाखवा, असं लेखी मागा. लेट मार्कवाल्या बहुतेक ऑफिसांत ती सापडणार नाही.

जाता जाता आणखी एक तपासा. गैरहजेरी कापताना महिना २६ ने भागतात आणि ओव्हरटाइम देताना ३० ने. एकाच माणसाचा दिवस कापताना ६०० चा आणि देताना ५२० चा. दोन्हीकडे भाजक एकच हवा.

प्रश्न: तुर्भ्याच्या एका गोदामात ठेकेदाराकडे आम्ही बरेच जण आहोत. पगार खात्यात पूर्ण येतो, पण आमची एटीएम कार्डं सुपरवायझरकडे असतात. पगाराच्या दिवशी तोच पैसे काढतो, ३,००० ठेवून घेतो आणि उरलेले हातात देतो. कागदावर सगळं बरोबर आहे. काय करायचं?

उत्तर: कागदावर सगळं बरोबर आहे असं तुम्हाला वाटतं. पुरावा तुमच्या पासबुकातच पडलेला आहे.

पाच-सात जणांनी आपापल्या बँकेत जाऊन मागच्या सहा महिन्यांचं स्टेटमेंट घ्या. एटीएमच्या नोंदीत मशीनचं ठिकाण, तारीख आणि बँकेप्रमाणे वेळही येते. सात माणसांच्या खात्यांतून एकाच मशीनमधून, एकाच संध्याकाळी, मिनिटामिनिटाच्या अंतराने पैसे निघालेले दिसतील. सात जण रांगेत उभे होते, असं ठेकेदार म्हणू शकेल. पण त्या वेळी तुम्ही शिफ्टवर होता हे गोदामाची हजेरी सांगेल. एटीएमच्या कॅमेऱ्याचं चित्रण फार दिवस ठेवत नाहीत, म्हणून अलीकडचीच तारीख निवडा आणि बँकेला ते जपून ठेवायला लेखी सांगा.

मग कार्ड ब्लॉक करून नवं घ्या. त्याआधी एक गोष्ट तपासा, आणि इथेच लोक फसतात: खात्याला जोडलेला मोबाइल नंबर कुणाचा आहे? ठेकेदाराने एकगठ्ठा खाती उघडली असतील तर नंबर त्याचा असतो आणि नव्या कार्डाचा ओटीपीही त्याच्याच फोनवर जातो. आधार कार्ड घेऊन शाखेत जा, आधी नंबर आणि पत्ता बदला, मग कार्ड ब्लॉक करा. उलट क्रमाने केलं तर नवं कार्ड पुन्हा सुपरवायझरच्या हातात.

कापलेले ३,००० कुठल्याच मान्य कपातीत बसत नाहीत. कामगाराने हक्काची रक्कम सोडून देण्याचा करार केला असला तरी तो रद्दबातल असतो, त्यामुळे ‘यांनी कबूल केलं होतं’ हा बचाव चालत नाही. शिवाय ठेकेदाराने पगार दिला नाही तर ज्याचं गोदाम आहे त्या कंपनीवर जबाबदारी येते. म्हणून तक्रारीची प्रत त्या कंपनीलाही पाठवा. ठेकेदाराचं बिल पास करताना कंपनी दर महिन्याला त्याच्याकडून पगाराचं रजिस्टर आणि पीएफचं चलन घेते. तिथे प्रश्न उठला की बिल अडकतं, आणि बिल अडकलं की ठेकेदार बोलायला येतो.

एकट्याने पुढे जाऊ नका. एकाच आस्थापनेतल्या कितीही कर्मचाऱ्यांच्या वतीने एकच अर्ज करता येतो आणि नोंदणीकृत युनियनही तो करू शकते. काढून टाकण्याची भीती खोटी नाही. एकाला काढणं सोपं, पंचवीस जणांना काढलं तर त्या रात्रीचा माल कोण उतरवणार?

पीएफही बघून घ्या. समजा वेतन १२,००० आहे. तुमचे १२ टक्के म्हणजे १,४४० कापले जातील. ठेकेदाराच्या १,४४० पैकी साधारण १,००० पेन्शनला आणि ४४० तुमच्या खात्यात. पासबुकात १,४४०, ४४० आणि १,००० असे तीन आकडे दर महिन्याला दिसायला हवेत. उमंग अ‍ॅपवर यूएएन टाकून पाहता येतात. स्लिपवर २,८८० कापलेले असतील तर मालकाचा वाटाही तुमच्याच पगारातून चालला आहे. ते बेकायदा आहे, ठरलेलं असो वा नसो. ईएसआयसीत तुमचा वाटा फक्त पाऊण टक्का. १५,६०० वर ११७ रुपये.

प्रश्न: महापे येथे इलेक्ट्रॉनिक जुळणीच्या लाइनवर आम्ही बायका ‘हेल्पर’ आणि शेजारचे मुलगे ‘ज्युनिअर ऑपरेटर’. सोल्डरिंग तेच, पीसही तेवढेच. पगारात २,२०० चा फरक आहे.

उत्तर: हुद्द्याचं नाव काय आहे यावर हे ठरत नाही. कौशल्य, मेहनत, अनुभव आणि जबाबदारी सारखी असेल तर काम ‘तेच किंवा सारख्या स्वरूपाचं’ मानलं जातं आणि लिंगावरून पगारात भेद करता येत नाही. काम सारखं आहे की नाही याचा वाद झाला तर तो सरकारने नेमलेला अधिकारी ठरवतो. म्हणून भांडायच्या आधी कामाचे कागद जमवा: लाइनवर लावलेला कामवाटपाचा तक्ता, रोजच्या उत्पादनाची शीट, दोन्ही वर्गांच्या स्लिपा. एखाद्या दिवशी हेल्परला ऑपरेटरच्या जागेवर बसवलं असेल, तर त्या दिवसाची शीट सगळ्यात मोलाची.

कंपनी एक वाट काढून बघेल, मुलग्यांचा पगार खाली आणण्याची. ती बंद आहे. भेद मिटवण्यासाठी कुणाचाही दर कमी करता येत नाही, हे संहितेत स्पष्ट लिहिलेलं आहे. ते मुलग्यांनाही सांगा, म्हणजे ते तुमच्या विरोधात उभे राहणार नाहीत.

आणि व्यवसाय कर तपासा. महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० पर्यंत तो लागत नाही. तुमच्या स्लिपवर २०० रुपये कापलेले असतील तर पुरुषांचा तक्ता सरसकट लावलेला आहे.

प्रश्न: आमच्याकडे वाशीत स्वयंपाकाला आणि धुण्याभांड्याला दोन ताई येतात. त्यांनाही पगारपत्रक द्यायचं का?

उत्तर: नाही. घरकामासाठी पाचपर्यंत माणसं असतील तर नोंदवही, फलक आणि पगारपत्रक यांतून सूट आहे. मात्र मागणी झाली तर पगार दिल्याचा वाजवी पुरावा दाखवावा लागतो. यूपीआयने देत असाल तर महिन्याचं नाव टाका, रोख देत असाल तर त्यांच्याच डायरीत रक्कम, तारीख आणि तुमची सही. उचल दिली असेल तर तीही तिथेच लिहा. भांडणं पगारावरून कमी आणि उचलीवरून जास्त होतात.

प्रश्न: ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये काम करतो. नेमणूक पत्रात ‘पगार गोपनीय आहे, सहकाऱ्यांशी चर्चा केल्यास कारवाई’ असं कलम आहे. आमची मूळ कंपनी जर्मन आहे आणि तिकडे पगार उघड करण्याचा कायदा आला म्हणतात. तो आम्हाला लागतो का?

उत्तर: नाही लागत. तुम्ही म्हणता तो युरोपीय संघाचा २०२३ चा वेतन-पारदर्शकतेचा निर्देश. सदस्य देशांना तो आपल्या कायद्यात आणायला ७ जून २०२६ ची मुदत दिली होती. त्यात उमेदवाराला सुरुवातीचा पगार किंवा त्याची श्रेणी सांगावी लागते, आधीचा पगार विचारता येत नाही, आणि सारखं काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांचा सरासरी पगार कर्मचारी मागू शकतो. पगार सांगायला बंदी घालणारी कलमंही त्यात चालत नाहीत. पण हे सगळं युरोपीय संघातल्या नोकऱ्यांसाठी. ऐरोलीतली नोकरी भारतीय कायद्याखाली येते.

आपल्याकडे जाहिरातीत पगार छापायची सक्ती नाही. ‘पगार योग्यतेनुसार’ हे दोन शब्द अजून चालतात. सहकाऱ्यांशी पगाराबद्दल बोलण्याला थेट संरक्षण देणारं कलमही संहितेत नाही. गोपनीयतेच्या कलमाने एवढंच होतं, की चहाच्या टपरीवर आकडा सांगितलात तर कंपनी शिस्तीचा मुद्दा काढू शकते. स्वतःची स्लिप कामगार अधिकाऱ्याकडे, वकिलाकडे किंवा युनियनकडे नेण्यापासून मात्र ते तुम्हाला अडवू शकत नाही, कारण हक्काची रक्कम सोडायला लावणारा करारच टिकत नाही. पगारभेदाची शंका असेल तर आकडा ऑफिसच्या ग्रुपवर टाकू नका, अर्जात लिहा.

कंपनी भारतात शेअर बाजारात नोंदलेली असेल तर एक आकडा उघड मिळतो. वार्षिक अहवालात प्रत्येक संचालकाचा मोबदला कर्मचाऱ्यांच्या मध्यक पगाराच्या (सगळे पगार क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्याच्या) किती पट आहे, हे द्यावं लागतं. पगारवाढीच्या चर्चेला बसण्याआधी ते पान वाचावं. फार कमी लोक वाचतात.

नवी नोकरी घेताना पॅकेजचा आकडा ऐकून हो म्हणू नका. ई-मेलवर चार गोष्टी मागा: पक्का पगार किती आणि कामगिरीवर अवलंबून किती, मूळ वेतन किती, पीएफ पूर्ण वेतनावर की १५,००० च्या मर्यादेवर, आणि ग्रॅच्युइटी व कंपनीचा पीएफ पॅकेजमध्ये मोजलाय का. पीएफ १५,००० च्या मर्यादेवरच कापत असतील, तर वेतनाच्या नव्या व्याख्येने, म्हणजे वर सांगितलेल्या निम्म्याच्या नियमाने, हातातला पगार कमी व्हायचं कारण नाही. ‘नव्या कायद्यामुळे कमी झाला’ असं सांगितलं तर जुन्या आणि नव्या रचनेचा तक्ता शेजारी-शेजारी मागा.

प्रश्न: वागळे इस्टेटमध्ये माझं छोटं वर्कशॉप आहे, आठ कामगार. हिशोब माझी पत्नी वहीत ठेवते. आम्ही नेमकं काय करायचं?

उत्तर: पत्र मालकाकडून आलं याचं बरं वाटलं. आठ माणसांसाठी सॉफ्टवेअर घ्यायची गरज नाही, एक एक्सेल शीट पुरते.

आधी फलक. लेथजवळ तेलकट भिंतीवर लावू नका. हजेरी जिथे होते तिथे, डोळ्यांच्या उंचीवर, मराठी आणि हिंदीत. वर्गवार दर लिहिताना तारीख टाका आणि जानेवारी-जुलैला विशेष भत्ता बदलला की कागद बदला. जुना कागद फाईलला लावा, फेकू नका. दावा तीन वर्षांपर्यंत मागे जाऊ शकतो. जुन्या कायद्यांत ही मुदत सहा महिने आणि बारा महिने होती, म्हणून कागदही तेवढेच ठेवायची सवय अनेकांना आहे. ती सोडा.

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. स्लिप पगाराबरोबर, चार दिवसांनी नाही. फोनवर पीडीएफ पाठवली तरी चालेल, पण ‘सॅलरी १४,२३०’ असा मेसेज म्हणजे स्लिप नव्हे. भरलेले दिवस, ओटीचे तास आणि दर, प्रत्येक कपात, सगळं त्यात यायला हवं. ज्याच्याकडे साधा फोन आहे त्याला छापून द्या.

आता नेहमी चुकतं ते. हजेरीचं मस्टर, पगाराचं रजिस्टर आणि स्लिप या तिघांचे आकडे जुळत नाहीत, कारण रविवारी केलेलं काम वहीत असतं आणि रजिस्टरमध्ये नसतं. ते पैसे रोख दिलेले असतात. तुम्ही दिलेत, पण दाखवता येत नाहीत. आणि दावा झाला तर पैसे चुकते केल्याचं सिद्ध करायचं ओझं मालकावर आहे. रोख दिलं तरी रजिस्टरवर घ्या. उचलीची वसुली धरून महिन्याच्या एकूण कपाती पगाराच्या निम्म्यापुढे जाऊ देऊ नका. गणपतीच्या उचलीनंतरच्या महिन्यात हे हमखास होतं. कामगार कल्याण निधी जून आणि डिसेंबरला, कामगाराचे २५ आणि तुमचे ७५. तो दर महिन्याला कापणारेही आहेत. कोऱ्या व्हाउचरवर सह्या घेत असाल तर आजपासून बंद करा. त्या सहीचा तुम्हाला उपयोग शून्य आणि संशय मात्र पुरेपूर.

कामगार दहा झाले की नेमणूक पत्र देणंही दुसऱ्या संहितेप्रमाणे, म्हणजे व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याच्या २०२० च्या संहितेप्रमाणे, बंधनकारक होतं. आठ असतानाच दिलंत तर नववा-दहावा येईल तेव्हा धावपळ होणार नाही.

प्रश्न: तळोज्याच्या कंपनीतून राजीनामा दिला. हिशोब ४५ दिवसांनी मिळेल म्हणतात. ठाण्याच्या कामगार कार्यालयात गेलो तर म्हणाले, इथे नाही. मग कुठे?

उत्तर: ठाण्याचं म्हणणं बरोबर आहे. ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात. तळोजा, खारघर, कामोठे, पनवेल हे रायगड जिल्ह्यात. नवी मुंबई म्हणून सगळं एक धरलं की हा हेलपाटा पडतो. अर्ज रायगडच्या कामगार कार्यालयाकडे करा.

४५ दिवसांची प्रथा एचआरची आहे, कायद्याची नाही. राजीनामा असो, काढून टाकणं असो वा कंपनी बंद पडणं असो, देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे. ग्रॅच्युइटी आणि बोनसचं वेळापत्रक वेगळं असतं, ते या दोन दिवसांत मोजू नका.

अर्जाला राजीनाम्याची पोच, शेवटच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, असतील त्या स्लिपा, ओळखपत्राची प्रत आणि एका पानावर हिशोब लावा: किती दिवसांचा पगार, किती तासांचा ओटी, किती शिल्लक रजा, एकूण रुपये. ‘माझे सगळे पैसे द्यावेत’ एवढंच लिहिलेले अर्ज महिनोन्‌महिने फिरत राहतात, कारण अधिकाऱ्याला मालकाकडे कोणता आकडा मागायचा तेच कळत नाही. दावा सिद्ध झाला तर मूळ रकमेवर दहापटीपर्यंत भरपाई देता येते. अर्ज तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असंही संहितेत आहे. ‘सर्व रक्कम मिळाली’ अशा पावतीवर सही केली असेल तर तिचा फोटो आहे का बघा; अजून केली नसेल तर पैसे खात्यात दिसेपर्यंत करू नका.